विंडोज ११ टाकल्यावर मेलचा जुना प्रोग्रॅम गायब, सासऱ्यांसाठी आता कुठला घेऊ?

प्रेसवाली_सून

नमस्कार मंडळी. आमची सांगलीला छोटी प्रिंटिंग प्रेस आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं असली कामं. सासरे अजून रोज प्रेसमध्ये बसतात आणि गिऱ्हाइकांचे मेल तेच बघतात. पीसी २०१८ चा, आय थ्री आठव्या जनरेशनचा, विंडोज १० होतं आणि त्यात बाबा विंडोज लाइव्ह मेल वापरायचे, कारण त्याआधीच्या विंडोज ७ च्या मशीनवर तेच होतं आणि हा पीसी आणला तेव्हा ज्या पोराने सेट करून दिला त्याने पेन ड्राइव्हवरच्या जुन्या सेटअपवरून परत तेच टाकून दिलं. चालत होतं म्हणून कोणी हात लावला नाही.

आता विंडोज १० चे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाले म्हणून एसएसडी बसवून त्यावर विंडोज ११ नवीन टाकून घेतलं. मशीन मस्त पळतंय, ती तक्रार नाही. पण मेल कुठे उघडायचा तेच कळेना. स्टार्टमध्ये आउटलुक म्हणून एक आहे, ते उघडलं की अकाउंट विचारतं आणि बाबांचं काहीच त्यात दिसत नाही. लाइव्ह मेल नेटवर शोधायला गेले तर कुठल्या कुठल्या साइटा, एकेका पानावर डाउनलोडची चार-चार बटणं, भीती वाटली म्हणून बंद केलं.

तर विचारायचंय की लाइव्ह मेल परत कुठे मिळेल का, आणि नाही मिळालं तर तसंच दिसणारं, फुकट, मराठी नीट दाखवणारं काय घ्यावं. अकाउंट दोन आहेत, एक प्रेसच्या नावाच्या डोमेनवरचा आणि एक जीमेलचा. जुनी हार्ड डिस्क आतच आहे, डी ड्राइव्ह म्हणून दिसते. डिझाइनच्या फायली आणि फोटो आम्ही त्यातून कॉपी करून घेतलेत, रविवारी तो मुलगा येऊन ती फॉरमॅट करून देणार आहे म्हणजे जागा होईल.

कटकट_नको

क्रोम उघडा, जीमेल उघडा, बुकमार्क करून बाबांना द्या. २०२६ मध्ये मेलसाठी वेगळा प्रोग्रॅम कोण टाकतं.

नाना_ईडीपीवाले

ताई, प्रोग्रॅमचं नंतर बघू, आधी त्या मुलाला फोन करून सांगा की रविवारी डिस्क फॉरमॅट करायची नाही. हे आधी करा मग पुढचं वाचा.

का ते सांगतो. मी एका सहकारी बँकेत ईडीपीला, म्हणजे कॉम्प्युटर विभागात होतो, तिथे हे इतक्या वेळा बघितलंय की आता कोणी 'मेल गेला' म्हटलं की मी आधी डिस्क कुठाय विचारतो. लाइव्ह मेलमध्ये डोमेनचं अकाउंट जोडलेलं असेल तर नव्वद टक्के ते पॉपने जोडलेलं असणार. पॉप म्हणजे प्रोग्रॅम सर्व्हरवरून मेल उतरवून घेतो आणि सेटिंगमध्ये 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ची टिक नसेल तर तिकडचा मेल पुसून टाकतो. होस्टिंगवाले, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर तुमचं डोमेन असतं ते, मेलचा डबा छोटा द्यायचे, तो भरू नये म्हणून सेट करणारे ती टिक मुद्दाम काढून ठेवायचे. म्हणजे बाबांचे इतक्या वर्षांचे मेल जगात फक्त एका ठिकाणी आहेत, तुमच्या त्या डी ड्राइव्हमध्ये. तुम्ही डॉक्युमेंट आणि फोटो कॉपी केलेत पण मेल तिथे नसतात.

मेल कुठे असतात: डी ड्राइव्ह उघडा, त्यात युजर्स, त्यात बाबांच्या लॉगिनच्या नावाचं फोल्डर, त्यात ॲपडेटा, मग लोकल, मग मायक्रोसॉफ्ट, मग विंडोज लाइव्ह मेल. ॲपडेटा लपवलेलं असतं, म्हणून फाइल एक्सप्लोररमध्ये वर व्ह्यू, त्यात शो, त्यात हिडन आयटम्सवर टिक करा म्हणजे दिसेल. परवानगी नाही असा चौकोन आला तर कंटिन्यू करा, जुन्या विंडोजचा युजर वेगळा होता म्हणून ते विचारतं. आत गेल्यावर प्रत्येक अकाउंटचं एक फोल्डर दिसेल, त्यात इनबॉक्स, सेंट आयटम्स वगैरे, आणि त्यात चित्रविचित्र आकडे-अक्षरांच्या नावाच्या .ईएमएल फायली. एक फाइल म्हणजे एक मेल, अटॅचमेंटसकट. स्टोरेज फोल्डर्स म्हणून एक असेल तेही महत्त्वाचं, लोक स्वतः केलेले फोल्डर बऱ्याचदा त्यात असतात.

हे विंडोज लाइव्ह मेल नावाचं अख्खं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. किती जीबी आहे ते इथे सांगा. प्रोग्रॅम कुठलाही घ्या, उद्या बदला, परवा बदला, मेल हातात असले की झालं.

कटकट_नको

नाना बरोबर आहे, डोमेनचं माझ्या डोक्यातच नव्हतं, मी जीमेलपुरतंच बोलत होतो.

कोकण_एक्स्प्रेस

मध्येच घुसतोय पण प्रश्न साधारण हाच आहे. माझ्याकडे लाइव्ह मेल वगैरे नाही, विंडोज १० मधलं ते साधं मेल ॲप होतं, निळ्या लिफाफ्याचं. आता ते उघडलं की आउटलुकच उघडतं. माझेही मेल गेले का?

नाना_ईडीपीवाले

नाही हो, तुमचं वेगळं आहे. ते मेल आणि कॅलेंडर ॲप मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ ला बंदच केलं, त्यानंतर त्यातून मेल जातही नाही येतही नाही, त्याच्या जागी नवीन आउटलुक दिलं. तुमचं जीमेल किंवा याहू असेल तर मेल सर्व्हरवर जसेच्या तसे आहेत, कुठल्याही प्रोग्रॅममध्ये अकाउंट घाला, सगळं परत उतरेल. लिफाफ्यात तुम्ही पॉपचा अकाउंट ठेवला होता का एवढं बघा, नसेल तर निवांत राहा.

कोकण_एक्स्प्रेस

नाही, जीमेलच. सुटलो. 🙏

श्टुटगार्टचा_पाव्हणा

लाइव्ह मेल परत टाकायच्या भानगडीत पडू नका ताई. ते विंडोज एसेन्शियल्स २०१२ चा भाग होतं, मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट आणि डाउनलोड दोन्ही १० जानेवारी २०१७ ला बंद केलं. आता जे मिळतं ते कुठल्या तरी तिसऱ्या साइटवरचं, त्यात काय कालवलेलं असेल सांगता येत नाही, आणि ज्या मशीनवरून गिऱ्हाइकांची बिलं जातात तिथे हे नकोच.

दुसरं, ते स्टार्टमधलं आउटलुक. इथे लोकांचा फार घोळ होतो कारण आउटलुक या नावाने कंपनीने इतक्या वेगवेगळ्या गोष्टी विकल्या आणि वाटल्या आहेत. जुन्या एक्सपीत आउटलुक एक्स्प्रेस होतं, ते फुकट होतं आणि ऑफिसमधल्या आउटलुकशी त्याचा काहीएक संबंध नव्हता. ऑफिसबरोबर येतं ते क्लासिक आउटलुक, त्याला पैसे लागतात. आउटलुक डॉट कॉम ही वेबसाइट. आणि तुमच्या स्टार्टमध्ये आहे ते नवीन आउटलुक, फुकट, विंडोजबरोबरच येतं, आत मेलच्या यादीत जाहिराती येतात. दिसायला बरं आहे, पण एक गोष्ट माहीत असू द्या. त्यात तुम्ही जीमेल किंवा तुमच्या डोमेनचा आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून दाखवायची पद्धत) अकाउंट घातला की ते तुमच्या पीसीवरून थेट तुमच्या सर्व्हरशी बोलत नाही, मेल आधी मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये जातात आणि तिथून तुम्हाला दिसतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये इथल्या एका जर्मन कॉम्प्युटर मासिकाने तपासून दाखवलं की साध्या आयमॅप अकाउंटचा पासवर्डसुद्धा त्यांच्या सर्व्हरकडे जातो, आणि इथल्या केंद्रीय डेटा संरक्षण आयुक्तांनीही त्यावर चिंता व्यक्त केली होती. आता कंपनी हे लपवत नाही, अकाउंट घालताना क्लाउडशी सिंक करतो असं स्क्रीनवर लिहितात, लोक न वाचता कंटिन्यू दाबतात एवढंच. तुम्हाला चालत असेल तर वापरा. मला स्वतःला माझ्या मेलचा पासवर्ड तिसऱ्याकडे ठेवणं पटत नाही म्हणून मी थंडरबर्डवर आहे, तो थेट सर्व्हरशी बोलतो.

मिंट_मुखशुद्धी

एसएसडी घेतलीच होती तर लिनक्स मिंट टाकायचं ना, थंडरबर्ड आधीपासून बसवलेलाच येतो त्यात 😀

प्रेसवाली_सून

मिंटवाले दादा, आमचं सगळं डिझाइनचं काम कोरल ड्रॉमध्ये, ते तुमच्या लिनक्सवर कसं चालवू.

नाना, तुमचं वाचून आधी त्या मुलाला फोन केला, म्हणाला बरं झालं सांगितलं. फोल्डर सापडलं! साडेअकरा जीबी आहे, कॉपी करून घेतलं. आत तीन अकाउंट दिसतात, दोन मी सांगितलेले आणि तिसरा जुन्या इंटरनेट कनेक्शनबरोबर मिळालेला, ते कनेक्शन कधीच बंद झालं. बाबा म्हणतात त्यात जुन्या संस्थांची मॅटरं आहेत, दरवर्षी अहवाल छापून घेतात ते लोक, मागच्या वर्षीचं काढून फक्त आकडे बदलायचे असतात, त्यामुळे ते हवेतच. मी एक .ईएमएल फाइल डबल क्लिक केली तर आउटलुकच उघडलं आणि म्हणतं अकाउंट घाला. आता थंडरबर्ड टाकू का? आणि हे साडेअकरा जीबी त्यात कसे घालायचे?

नाना_ईडीपीवाले

शाब्बास. हो, थंडरबर्डच टाका. फायरफॉक्सवाल्या मोझिलाच्या घरातला आहे, २००४ पासून चालू आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत, लोकांच्या देणग्यांवर चालतो. त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, गुगलवर वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका. ईएम क्लायंट म्हणून दुसरा एक आहे, तो दिसायला लाइव्ह मेलच्या जास्त जवळचा, पण त्याचा फुकटचा प्रकार घरगुती वापरापुरता आहे, धंद्यासाठी लायसन घ्यावं लागतं, आणि तुमची प्रेस म्हणजे धंदाच.

आता क्रम सांगतो, याच क्रमाने करा.

आधी डोमेनचा अकाउंट. थंडरबर्डला नाव, आयडी, पासवर्ड दिलं की तो सर्व्हर स्वतः शोधतो आणि आयमॅप का पॉप विचारतो. आयमॅप घ्या. म्हणजे इथून पुढे मेल सर्व्हरवर राहतील, तुमच्या फोनवर पण दिसतील आणि डिस्क गेली तरी मेल जाणार नाहीत. आपोआप सापडलं नाही तर होस्टिंगवाल्याकडून सर्व्हरचं नाव घ्या, आयमॅपला पोर्ट ९९३, पाठवायच्या सर्व्हरला ४६५ किंवा ५८७. पासवर्ड कोणालाच आठवत नसणार, बरोबर? लाइव्ह मेलने तो कायम लक्षात ठेवलेला असायचा. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये जाऊन नवीन ठेवता येतो, पॅनेलचा पासवर्ड पण नसेल तर होस्टिंगवाल्याला फोन.

समजा होस्टिंगचा डबा फारच छोटा निघाला आणि पॉपच घ्यावं लागलं, तर थंडरबर्ड सुरुवातीलाच सर्व्हरवर मेल १४ दिवस ठेवण्याची टिक लावून देतो. ते १४ दिवस वाढवा. आणि मग बॅकअपची जबाबदारी तुमची.

जीमेल सोपं आहे. आयडी दिला की गुगलचं स्वतःचं लॉगिनचं पान उघडतं, तिथे पासवर्ड आणि फोनवरचा होकार, झालं. जुन्या प्रोग्रॅममध्ये नुसता पासवर्ड घालून जीमेल चालायचं ते गुगलने मे २०२२ अखेर बंद केलं, त्यानंतर ज्यांचं चालू होतं ते ॲप पासवर्ड नावाचा सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड काढून चालवत होते. तुमच्या बाबांचं लाइव्ह मेलमध्ये जीमेल अलीकडे येत होतं का विचारा, मला शंका आहे.

तिसरा अकाउंट घालायचाच नाही, सर्व्हरच नाही तर घालून काय करणार. त्याचे मेल फक्त आत आणायचे.

ते असे आणायचे. थंडरबर्डमध्ये ॲड-ऑन्स अँड थीम्समध्ये जाऊन इंपोर्ट एक्स्पोर्ट टूल्स एनजी शोधा आणि बसवा. मग डाव्या बाजूला सगळ्यात खाली लोकल फोल्डर्स दिसतं, त्यावर राइट क्लिक करून 'जुने मेल' असं एक नवीन फोल्डर करा, त्याच्या आत 'डोमेन इनबॉक्स', 'डोमेन सेंट', 'जुनं कनेक्शन' असे वेगवेगळे. त्या प्रत्येकावर राइट क्लिक, त्या ॲड-ऑनचा मेनू, त्यात डिरेक्टरीमधले सगळे मेसेज इंपोर्ट करा असा पर्याय आहे, तो घेऊन कॉपी केलेल्या फोल्डरमधलं नेमकं तेच फोल्डर दाखवा. सबडिरेक्टरीसकट सगळं एकदम घालायचा मोह होईल, साडेअकरा जीबीला तो करू नका, मध्ये अडकलं तर कुठपर्यंत आलं ते कळत नाही. एक फोल्डर झालं की मेल मोजून बघा, बाहेरच्या फायली आणि आतले मेसेज जुळतात का. बँकेची सवय, जाऊ द्या.

आणि हे लोकल फोल्डर्समध्येच घाला, आयमॅपच्या इनबॉक्समध्ये ओढून टाकलेत तर सगळे साडेअकरा जीबी होस्टिंगवर चढायला लागतील आणि तो डबा भरून नवीन मेल परत जायला लागतील.

हिंजवडी_नाईट_शिफ्ट

नानांनी सगळं सांगितलंय, फक्त एक मुद्दा सुटला तो म्हणजे ॲड्रेस बुक. लाइव्ह मेलचे काँटॅक्ट त्या फोल्डरमध्ये नसतात, ते शेजारच्या विंडोज लाइव्ह नावाच्या फोल्डरमध्ये काँटॅक्ट्समध्ये एका डेटाबेस फाइलमध्ये असतात आणि ती थंडरबर्ड वाचू शकत नाही. पण तुमची जुनी डिस्क अजून आत आहे आणि त्यावर विंडोज १० तसंच आहे, म्हणजे पीसी त्या डिस्कवरून चालू करता येईल. चालू करताना बूट मेनूचं बटण दाबा, कुठल्या मशीनला एफ१२ असतं, कुठे एफ९, कुठे एफ८, ते पहिल्या स्क्रीनवर बारीक अक्षरात येतं. जुनी डिस्क निवडा, जुनं विंडोज उघडेल, लाइव्ह मेल उघडा, काँटॅक्ट्समध्ये जाऊन सीएसव्हीत (साध्या तक्त्याची फाइल) एक्स्पोर्ट करा, आणि परत नवीनवर या. सीएसव्ही थंडरबर्डचं ॲड्रेस बुक घेतं. नेटची वायर आधी काढून ठेवा, नाहीतर लाइव्ह मेल उघडल्या उघडल्या सर्व्हरवरचे नवीन मेल तिकडे खेचून घेईल आणि तिकडून पुसेल!

पण बायोसमधलं, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमधलं बाकी काही बदलू नका. नुसता बूट मेनू वापरा. नवीन विंडोज ११ मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेट केलं असेल तर एसएसडी आपोआप एन्क्रिप्ट झालेली असू शकते आणि सिक्युअर बूट वगैरे बदललं की पुढच्या वेळी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) रिकव्हरी की मागते. ती की त्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते, तो अकाउंट तुमच्या नावाने आहे का सेट करणाऱ्या मुलाच्या, हे आजच विचारून घ्या. दुसऱ्याच्या नावाचा निघाला तर ते आधी सरळ करा.

सदाशिव_३०

विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सिक्युरिटी अपडेट मिळतायत, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की फुकटात. एवढी घाई कशाला केली?

हिंजवडी_नाईट_शिफ्ट

सदाशिवकाका त्यांच्या मशीनला ११ चालतंय, टीपीएम (११ ला लागणारी सिक्युरिटी चिप) आहे, आठवं जनरेशन आहे, मग आज ना उद्या करायचंच होतं. एसएसडी तरी आली.

प्रेसवाली_सून

काँटॅक्टचं जमलं, एफ९ ला बूट मेनू आला, नेटची वायर काढली होती. मायक्रोसॉफ्ट अकाउंट माझ्या मिस्टरांच्याच नावाने आहे. थंडरबर्ड टाकला, दोन्ही अकाउंट चालू झाले, डोमेनचा इनबॉक्स आत आला. नाना, मेल मोजले, जुळले!

पण आता नवीनच. बाबांनी २००९-१० चे मेल उघडले तर काहींमध्ये मराठीच्या जागी सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसतंय, आणि काहींमध्ये डोक्यावर तिरक्या रेघा असलेले ए आणि कसली तरी चिन्हं. बाबा म्हणाले जुन्यात तर नीट दिसत होतं, तुम्ही मेल बिघडवले. मेल बिघडलेत का खरंच?

खिळा_ते_कोरल

नाही बिघडले वहिनी, हे दोन वेगळे आजार आहेत आणि दोन्ही मी रोज बघतो, आमचं डीटीपीचंच काम.

इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसतंय ते युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारखं दिसणाऱ्या मराठीच्या आधीचं मराठी आहे. श्रीलिपी, सी-डॅकचे योगेश, सुरेख असले फॉन्ट होते ना, त्यात मराठी अक्षराचं चित्र इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असायचं. तो फॉन्ट मशीनवर असला की मराठी दिसतं, नसला की उघडी इंग्रजी अक्षरं. तुमच्या जुन्या विंडोजमध्ये ते फॉन्ट होते, नवीन विंडोज कोरं आहे. म्हणून जुन्या डी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरमध्ये फॉन्ट्समध्ये जा, श्री आणि डीव्ही या नावांनी सुरू होणारे सगळे निवडून एका फोल्डरमध्ये कॉपी करा, मग तिथे सगळे सिलेक्ट करून राइट क्लिक, इन्स्टॉल. थंडरबर्ड बंद करून परत उघडा. सेटिंग्जमध्ये फॉन्टच्या ॲडव्हान्स्डमध्ये मेसेजला दुसरे फॉन्ट वापरू द्या अशी टिक आहे, ती सहसा असतेच, एकदा बघून घ्या. श्रीलिपीच्या सॉफ्टवेअरसाठी बाबांकडे डोंगल असेल, तो लावून त्याचं सेटअप वेगळं करावं लागेल, पण नुसते मेल वाचायला फॉन्ट पुरतात.

एक अडचण राहील. ज्या मेलमध्ये फॉन्टचं नावच गेलेलं नाही, म्हणजे साध्या मजकुराचा मेल होता, त्याला फॉन्ट बसवूनही मराठी दिसणार नाही. तो मजकूर कॉपी करून कोरलमध्ये टाका आणि तिथे तो फॉन्ट लावा, आपोआप वाचता येईल. कुठला फॉन्ट होता ते दोन-तीन लावून बघावं लागतं, बाबा नजरेनेच सांगतील.

तिरक्या रेघांच्या ए वाल्यांचं उलट आहे. ते युनिकोडच आहेत, पण पाठवणाऱ्याच्या प्रोग्रॅमने मेलवर चुकीची चिठ्ठी लावली होती की आत पश्चिम युरोपातली लिपी आहे. तो मेल उघडून व्ह्यू मेनूत रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग करा. मेनू दिसत नसला तर आल्ट दाबा.

इथून पुढे बाबांना मेलमध्ये युनिकोडच टाइप करायला लावा. विंडोज ११ मध्ये मराठी भाषा घातली की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड मिळतात. गिऱ्हाईक फोनवर मेल बघतं, त्याच्या फोनमध्ये श्रीलिपी कुठून येणार. पत्रिकेचं मॅटर छपाईला जुन्या फॉन्टमध्ये करा हो, ती अक्षरं अजून देखणी आहेत, त्यात वाद नाही. पण प्रूफ पाठवायचं ते पीडीएफ करून.

श्टुटगार्टचा_पाव्हणा

वा, हे साध्या मजकुराच्या मेलचं मलाही माहीत नव्हतं. माझ्याकडे आजीचे असले मेल पडून आहेत, बघतो.

प्रेसवाली_सून

फॉन्ट टाकले आणि कडबोळ्यातले बरेचसे दिसायला लागले. एक मेल साध्या मजकुराचा निघाला, बाबांनी कोरलमध्ये टाकून पहिल्याच झटक्यात योगेश लावला. 😄

शेवटचे दोन. बाबा फोल्डरमधल्या फाइलवर राइट क्लिक करून 'सेंड टू मेल' करायचे, ते आता आउटलुक उघडतं. आणि मेलची यादी एका मेलला दोन-दोन ओळी अशी जाड दिसते, बाबांना पूर्वीसारखी एका ओळीत एक मेल आणि खाली वाचायला जागा अशी हवी. आणि बॅकअप कशाचा घ्यायचा, तेच लाइव्ह मेलचं फोल्डर का?

नाना_ईडीपीवाले

ते तीन झाले.

पहिलं, सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स, तिथे थंडरबर्ड शोधून मेलटू (मेल पाठवायच्या लिंक) आणि .ईएमएल दोन्हीला तोच द्या. थंडरबर्डच्याही सेटिंग्जमध्ये जनरलमध्ये तो डिफॉल्ट आहे का तपासायचं बटण आहे, ते दाबा. मग राइट क्लिकमधून तोच उघडेल. विंडोज ११ मध्ये राइट क्लिकचा मेनू आखूड झालाय, सेंड टू दिसायला खाली शो मोअर ऑप्शन्स करावं लागतं, हे बाबांना दाखवा नाहीतर परत मेल बिघडला म्हणतील.

बॅकअपला आता थंडरबर्डचं प्रोफाइल फोल्डर. हेल्प, ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, त्यात प्रोफाइल फोल्डर उघडायचं बटण आहे. थंडरबर्ड पूर्ण बंद करून ते अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर. त्यात मेल, ॲड्रेस बुक, अकाउंट, सगळं असतं, पुढच्या मशीनवर तेच ठेवलं की चाललं. लाइव्ह मेलच्या फोल्डरची जी कॉपी केलीत तीही टाकू नका, पडून राहू द्या. आणि अँटिव्हायरस वेगळा घातला असेल तर त्याला सांगून ठेवा की प्रोफाइल फोल्डरमधली फाइल परस्पर उचलायची नाही, कारण थंडरबर्ड एका फोल्डरचे सगळे मेल एकाच फाइलमध्ये ठेवतो, एका मेलात व्हायरस सापडला म्हणून अख्खी इनबॉक्सची फाइल जप्त झालेली मी बघितली आहे.

यादीचं कोणीतरी सांगा, मी अजून जुनंच रूप वापरतो.

हिंजवडी_नाईट_शिफ्ट

यादीच्या वर उजवीकडे छोटं चिन्ह आहे, मेसेज लिस्टचे पर्याय उघडणारं, त्यात कार्ड्स व्ह्यूच्या जागी टेबल व्ह्यू करा, एका ओळीत एक मेल होईल. मग आल्ट दाबून व्ह्यू, लेआउट, क्लासिक व्ह्यू, म्हणजे वर यादी आणि खाली मेल. अक्षर बारीक वाटलं तर उजव्या वरच्या तीन रेघांच्या मेनूत फॉन्ट साइजला अधिकचं चिन्ह आहे.

प्रेसवाली_सून

टेबल व्ह्यू केला, बाबा बसलेत, अहवालाचं मॅटर शोधतायत. डी ड्राइव्ह कधी फॉरमॅट करू?

नाना_ईडीपीवाले

ती काढून, कागदात गुंडाळून, वर तारीख टाकून कपाटात ठेवा. जागा हवी असेल तर नवीन डिस्क घ्या.